वीतभर जागा

त्या यंत्राचं सरकारी नाव ‘अस्थिलेख’ होतं. उद्घाटनाच्या दिवशी फलकावर, निमंत्रणपत्रिकेवर आणि पेढ्यांच्या खोक्यांवरसुद्धा तेच छापलेलं होतं. पण तालुक्याच्या उपजिल्हा रुग्णालयात त्या नावाने त्याला कुणी कधी ओळखलं नाही. वॉर्डबॉयपासून अधीक्षकांपर्यंत सगळे त्याला ‘पंच’ म्हणत. पंचनाम्याला पंच लागतात, तसा हा हाडांचा पंच. फरक एवढाच, की माणसांतला पंच न वाचता सही करतो आणि हा सही करण्याआधी फक्त वाचतच असतो.

पंच चालवायचं काम शर्वरी खराडेकडे होतं. वय छत्तीस, हाताखाली दोन शिकाऊ मुली, राहायला रुग्णालयाच्या आवारातली दोन खोल्यांची जागा. डावा पाय अडीच सेंटीमीटरने आखूड, म्हणून त्या पायातल्या बुटाचा तळ तेवढाच जाड. तेवीस किलोमीटरवर बेंदवाडी हे तिचं गाव. तिथे वडील हिंदुराव, धाकटा भाऊ विक्रांत, भावजय कोमल आणि सात वर्षांची भाची मैथिली अशी माणसं, द्राक्षाची चार एकर बाग आणि बेदाण्याची शेड. आई पाच वर्षांपूर्वी गेली होती. शर्वरी रविवारी गावी जायची, भाचीला डोक्यावर बसवून घ्यायची आणि संध्याकाळच्या बसने परत यायची.

पंच काय करतो ते समजायला सोपं आहे. हाडावर जोर आला की त्याच्या आतले तंतू ताणले जातात आणि केसाहून बारीक चिरा पडतात. या चिरांना दिशा असते. मोडलेलं लाकूड हातात घेऊन ते कोणत्या बाजूने वाकवलं होतं हे सुतार सांगतो, तसं या चिरा पाहून सांगता येतं. शिवाय वाकलेल्या हाडात विजेचा अगदी क्षीण भार तयार होतो आणि त्याचा माग काही तास टिकतो. पंच हजार कोनांतून ध्वनिलहरी सोडतो, परत येणाऱ्या लहरी गोळा करतो आणि अकरा मिनिटांत सांगतो, की जोर कुठून आला, किती आला, किती वेळ राहिला आणि ज्या वस्तूने आला तिचा आकार काय होता.

मुलांच्या बाबतीत याची गरज जास्त. मोठ्या माणसाच्या कमरेचं हाड हे बांगडीसारखं कडं असतं. मोडलं तर मोडलेलं दिसतं. लहान मुलाचं कडं अर्धंअधिक कूर्चेचं, म्हणजे कानाच्या पाळीसारख्या मऊ हाडाचं. दाबलं की वाकतं आणि दाब सुटला की पुन्हा जागेवर येऊन बसतं. एक्सरेमध्ये सगळं कसं जागच्या जागी असतं, आणि आत मात्र शिरा तुटलेल्या असतात, मूत्राशय फाटलेलं असतं. अशा वेळी मुलाला कसं लागलं हे कळणं हाच अर्धा उपचार. आणि मुलाला कसं लागलं हे मोठी माणसं सांगतात, तिथेच खरी गोम असते.

मोठी माणसं खोटं बोलतात याचा सरकारला इतक्यांदा अनुभव आला, की शेवटी नियमच निघाला. आधी घरच्यांनी सांगितलेली हकिकत यंत्रात टाकायची, मग वाचन घ्यायचं. दोन्हींचा मेळ निम्म्याहून कमी असेल, तर वाचन शस्त्रक्रियागृहात जाईल तेव्हाच पोलिसांच्या बालसुरक्षा कक्षातही जाईल. दोन्हींना बटण एकच. हे कुणा हुशार अधिकाऱ्याच्या डोक्यातून आलं होतं आणि त्याला त्याबद्दल बढती मिळाली असं म्हणत.

रुग्णालयातल्या झाडून सगळ्यांनी हौसेने पंचाखाली झोपून पाहिलं होतं. जुन्या दुखापतीचं वाचन इतकं पक्कं येत नाही, कारण वाढत्या वयात शरीर हाड घासूनपुसून नवं करतं. पण वाढीची कूर्चा चिरडली गेली असेल तर तिथली वाढ मागे पडते आणि त्या मागे पडलेल्या वाढीवरून पंच उलटा हिशेब मांडतो. क्लार्क पाटोळेंना कळलं, की लहानपणी त्यांचा खांदा म्हशीने मोडला नव्हता, वरून पडलेल्या जड वस्तूने मोडला होता. त्यांनी महिनाभर थोरल्या भावाशी बोलणं टाकलं. शर्वरी मात्र कधी झोपली नाही. “मला माहीत आहे ना मला काय झालं ते,” ती म्हणायची.

तिला माहीत होतं, कारण आईने ते शंभरदा सांगितलं होतं. सहा वर्षांची असताना ती बेदाण्याच्या रॅकवर चढली, आठव्या थरावरून पाय निसटला आणि खाली पडली. मिरजेत तीन महिने प्लास्टरमध्ये काढले. आई ही गोष्ट सांगू लागली की अप्पा, म्हणजे हिंदुराव, काहीतरी काम काढून उठायचे. त्यांना ऐकवत नाही, असं सगळे म्हणायचे. माणूस तसा कमी बोलणारा, पण लेकीच्या बुटाचं खातं त्यांनी स्वतःकडे ठेवलं होतं. दर पाडव्याला ते तिला घेऊन मिरजेच्या कारागिराकडे जायचे, पाय मोजायला लावायचे, तळाचं चामडं स्वतः वाकवून बघायचे. तिला नोकरी लागल्यावरही त्यात खंड पडला नाही. शर्वरीला त्यांचं सगळ्यांत जास्त प्रेम बुटांच्या त्या दुकानात कळायचं.

दोन हजार सत्तेचाळीस सालच्या मार्चअखेरीस, पाडवा होऊन चारच दिवस झाले असताना, दुपारी पावणेदोनला विक्रांतची जीप थेट अपघात विभागाच्या पायऱ्यांना येऊन लागली. मागच्या सीटवर कोमलच्या मांडीवर मैथिली होती. तोंड पांढरं पडलेलं, डोळे उघडे, रडत नव्हती.

“आक्का, रॅकवरनं पडली गं,” विक्रांत म्हणाला. “बेदाणा झाडत हुतो. ही वर चढली आन् पाय निसटला.”

बेदाण्याची शेड ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगायला हवं. तारेच्या जाळ्यांचे दहा-बारा थर एकावर एक, प्रत्येकावर द्राक्षं पसरलेली. पंधरा दिवस सावलीत वाळली की जाळ्या हलवून बेदाणा खाली पाडायचा. पोरं त्या रॅकवर माकडासारखी चढतात आणि मोठी माणसं त्यांना रोज ओरडतात. त्यामुळे शर्वरीला नवल वाटलं नाही. वाटली ती भीती, आणि तीही जुनी, स्वतःच्या कमरेतून वर चढणारी.

बालशल्यचिकित्सक डॉ. नसीम मुल्ला पळतच आल्या. पन्नाशीच्या, बुटक्या, आवाज कधीही न चढवणाऱ्या. त्यांनी नाडी धरली, पोट चाचपलं, दोन्ही हातांना सलाईन लावायला सांगितलं, रक्त मागवलं.

“कशी पडली? कुशीवर?”

“हो मॅडम. डाव्या कुशीवर,” विक्रांत म्हणाला.

“मग कमरेचा पट्टा सैलच ठेवा,” मॅडम नर्सला म्हणाल्या. कुशीवर पडलं की कडं आतल्या बाजूला वळतं. तिथे पट्टा आवळला तर ते आणखी आत जाऊ शकतं. पुढून-मागून दाबलं गेलं असेल तर उलट. तेव्हा कडं पुस्तकासारखं उघडतं, आत रक्त साचत राहतं आणि पट्टा आवळणं हाच पहिला इलाज असतो. लघवीतून रक्त जात असल्यासारखं दिसत होतं, म्हणून खालून नळी घालू नका, आधी तपासणी, असंही त्यांनी सांगितलं. मग त्या शर्वरीकडे वळल्या.

“तुझ्याच घरचे आहेत. हकिकत ग्राह्य धरायची का? तू आणि मी दोघींनी अंगठा दिला तर वाचन टाळता येतं. अकरा मिनिटं वाचतील.”

शर्वरीने अंगठा पुढे केला. भाऊ खोटं बोलेल हे तिच्या मनाला शिवलंसुद्धा नव्हतं. पण अंगठा टेकवता टेकवता तिने मैथिलीच्या केसांवरून दुसरा हात फिरवला, आणि हाताला काही लागलं नाही. रॅकखाली पडलेल्या माणसाच्या केसांत, बाहीत, खिशात बेदाणे असतात. आंघोळ करूनही दुसऱ्या दिवशी एखादा सापडतो. मैथिलीच्या अंगावर एक बेदाणा नव्हता. फ्रॉकवर पोटापाशी काळ्या ग्रीसचा आडवा पट्टा होता, हाताएवढा लांब.

“मॅडम, वाचन घेऊया,” ती म्हणाली.

पंचाच्या खोलीत मैथिलीला सरकवताना पोरगी पहिल्यांदा बोलली.

“आत्या, मी रॅकवरून पडले.”

“तुला कुणी विचारलं का बाळा?”

“नाही. पण मी रॅकवरूनच पडले.”

शर्वरी काचेमागे जाऊन बसली. हकिकतीच्या रकान्यात तिने भावाचं वाक्य जसंच्या तसं लिहिलं. यंत्र गुणगुणू लागलं. चौथ्या मिनिटाला मैथिलीचा रक्तदाब शंभरवरून नव्वदवर आला, सातव्याला ब्याऐंशीवर. शर्वरीला स्वतःचा राग आला. केसांत बेदाणे नाहीत म्हणून आपण अकरा मिनिटं घालवली आणि पोरगी गेली तर, हा विचार तिच्या डोक्यातून हलेना.

अकरावं मिनिट संपलं आणि ओळी उमटल्या. जोराची दिशा: समोरून मागे. प्रकार: आघात नाही, दाब. कालावधी: सव्वातीन सेकंद. समोरची वस्तू: सरळ, आडवी, आठ सेंटीमीटर रुंद, जमिनीपासून अंदाजे बासष्ट सेंटीमीटर. मागची वस्तू: सपाट, स्थिर. सांगितलेल्या हकिकतीशी मेळ: चार टक्के.

बासष्ट सेंटीमीटर. शर्वरीला मोजपट्टीची गरज नव्हती. घरच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला मागे, उघडणाऱ्या फाळक्याखाली, लोखंडाची आडवी पट्टी होती. लहानपणी ती त्या पट्टीवर पाय ठेवून आत चढायची.

ट्रॉली शेडला लावायची एक रीत आहे. चालवणाऱ्याला मागचं दिसत नाही, म्हणून एक जण मागे उभा राहून हाक देतो, “येऊ दे, येऊ दे, येऊ दे... बस!” आता ट्रॅक्टर बॅटरीवर चालतात आणि मागे माणूस आला की आपोआप थांबण्याची सोय त्यांना कायद्याने असते. पण द्राक्षाच्या ओळींत त्या सोयीला प्रत्येक खांब माणूस वाटतो आणि ट्रॅक्टर दर चार पावलांना अडतो. त्यामुळे बेंदवाडीत एकाही ट्रॅक्टरला त्या सोयीची वायर जागेवर नव्हती. पुन्हा “येऊ दे”च्या हाका सुरू झाल्या होत्या, आणि खराड्यांच्या घरात ते मानाचं काम मैथिलीकडे होतं. अप्पा त्र्याहत्तर वर्षांचे. सत्तरीनंतर ट्रॅक्टरचा परवाना दरवर्षी नवा करावा लागतो, आणि अप्पांनी तो तीन वर्षांत केला नव्हता.

तिने आधी आतल्या फोनवर मॅडमना सांगितलं. “पट्टा आवळा. पुढून-मागून दाब आहे.”

“आवळते. पण मला कडं धरून ठेवणाऱ्या फ्रेमच्या सळ्या कुठे घालायच्या ते आकड्यांत पाहिजे. वाचन पाठव, लगेच.”

बटण एकच होतं. शर्वरीने मान वर केली तेव्हा विक्रांत दारात उभा होता.

“आक्का, नको पाठवू.”

“कोण होतं ट्रॅक्टरवर?”

त्याने खोलीचं दार मागे लोटून घेतलं.

“विकी, तिचा रक्तदाब ऐंशीवर आलाय.”

“मॅडमना तोंडानं सांग की! तू सांगितलंस तर त्या ऐकतील. अप्पास्नी ह्या वयात आत टाकतील गं. परवाना न्हाई, वायर काढलेली, पोर जखमी. जामीन बी हुत न्हाई आता.” त्याने हात जोडले. “आईच्यान सांगतो, त्यांनी मुद्दाम न्हाई केलं.”

“ते मला माहीत आहे,” शर्वरी म्हणाली. आणि तिने बटण दाबलं. दाबल्यावर तिला रडू आलं, पण तेवढ्यापुरतंच. मैथिलीचं स्ट्रेचर ढकलायचं होतं.

पुढचे तीन तास वैद्यकीय भाषेत सुरळीत गेले. पट्टा आवळल्यावर वीस मिनिटांत रक्तदाब वर चढू लागला. शिरेतून औषध सोडून काढलेल्या चित्रात मूत्राशयाला पुढच्या बाजूने बोटाच्या पेराएवढी चीर दिसली. मॅडमनी ती शिवली आणि लघवीसाठी पोटावरून नळी काढली. खालचा मार्ग सुजलेला होता, त्याला हात लावायचा नाही, तो आपला आपण भरून येऊ द्यायचा, हे शहाणपण पंचाच्या कितीतरी आधीचं. कडं मिटवून बाहेरून सळ्यांची फ्रेम बसवली. सळ्यांच्या जागा पंचाच्या आकड्यांवरून ठरल्या, आणि वाढीच्या कूर्चेपासून त्या चार मिलिमीटर दूर राहिल्या.

“कुशीवरची समजून गेले असते तर टेबलावरच हातची गेली असती,” हातमोजे काढताना मॅडम म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात कौतुक नव्हतं आणि दयाही नव्हती. “खुब्याच्या वाटीत तीन हाडं जिथे जुळतात, तिथली डावीकडची कूर्चा थोडी चेपली आहे. दर सहा महिन्यांनी बघायचं. दहाव्या वर्षी कदाचित एक छोटं ऑपरेशन. सरळ चालेल ती.” मग सहज विचारावं तसं त्यांनी विचारलं, “तुझंही डावंच ना? तुझी वाढ कशी कशी मागे पडली ते मिळालं तर हिचा अंदाज बांधायला बरं पडेल. एकाच घरातली हाडं आहेत. घे की एकदा वाचन.”

“बघते,” शर्वरी म्हणाली.

त्या दिवशी संध्याकाळी पोलीस येऊन गेले आणि घरात जे व्हायचं ते झालं. विक्रांत बहिणीशी बोलेनासा झाला. कोमलने मात्र दुसऱ्या दिवशी डबा आणला, तो तिच्या हातात देताना तिचा हात दाबला आणि नवऱ्याची नजर चुकवून निघून गेली. अप्पांनी कानांवर हात ठेवले. “मशीनला काय कळतंय? मशीन काय तिथं हुतं?” एवढंच ते पोलिसांना म्हणाले, वकिलाला म्हणाले आणि गावातल्या प्रत्येकाला म्हणाले. पोर सावरून बोलेपर्यंत पोलीस थांबायला तयार होते. अप्पा रोज सकाळी नातीच्या खाटेजवळ येऊन बसत, तिचे केस विंचरत, आणि लेक आत आली की खिडकीकडे तोंड करत.

पाचव्या दिवशी शर्वरीने विक्रांतला कँटीनमध्ये गाठलं.

“एकच सांग. रॅकचं कुणाला सुचलं?”

त्याने चहाचा ग्लास खाली ठेवला. “अप्पास्नी. मला तर तवा काय बी सुचत नव्हतं. मी पोरीला उचललं, आन् अप्पा म्हणाले, रॅकवरनं पडली म्हण. लगेच म्हणाले.”

त्या ‘लगेच’ने शर्वरीचं जेवणावरचं मन उडालं. दोन दिवस ती त्या एका शब्दापाशी अडून बसली. माणूस घाबरला की त्याला खोटं शोधायला वेळ लागतो. लगेच सुचतं ते आधी कधीतरी बोलून झालेलं असतं. असं काही नसेल, असं ती स्वतःला सांगत होती, आणि सांगतानाच तिला आठवत होतं, की गोष्ट नेहमी आई सांगायची, अप्पा कधीच नाही.

रविवारी दुपारी बाहेरचे रुग्ण नसताना ती पंचाखाली झोपली. हकिकतीच्या रकान्यात तिने लिहिलं, “रॅकवरून पडले.” जन्मात पहिल्यांदा ते वाक्य लिहिताना तिला वाटलं, की हे माझं नाही, मला दिलेलं आहे. अकरा मिनिटं ती छताकडे बघत पडून राहिली. यंत्र थांबलं. पडद्यावर आलं, “वाचन पूर्ण. उघडायचे?”

तिने उघडलं नाही. तिला कळून घ्यायचं होतं, पण यंत्राकडून नको होतं. ते तिला साठ-सत्तर टक्के खात्रीने सांगणार होतं, आणि उरलेल्या तीस टक्क्यांत बाप आयुष्यभर खिडकीकडे तोंड करून बसला असता. तिने पडदा बंद केला आणि बूट घातले. नव्या चामड्याचा वास अजून गेला नव्हता.

दहाव्या दिवशी सकाळी अकराला हवालदार लाटकर बाई जबाब घ्यायला आल्या. चाळिशीच्या, तासगावकडच्या, गुडघ्यावर छापील अर्ज ठेवून लिहिणाऱ्या. मुलाचा जबाब घेताना रुग्णालयातलं एक माणूस हजर लागतं, म्हणून मॅडमनी शर्वरीला बसवलं. खाटेच्या दुसऱ्या बाजूला विक्रांत आणि कोमल. अप्पा खिडकीशी; त्यांना बाहेर काढलं तर मैथिली बोलायला तयार नव्हती.

“कसं लागलं गं बाळ?” लाटकर बाईंनी विचारलं.

“रॅकवरून पडले.”

“बरं. आणि ग्रीस कुठलं लागलं फ्रॉकला?”

मैथिलीने आधी आज्जाच्या पाठीकडे बघितलं, मग आत्याकडे. “आज्जाला काय करू नका,” ती म्हणाली. “माझीच चूक झाली. मी बस म्हणायला उशीर केला. मला येऊ दे म्हणायला देऊ नका आता, पण आज्जाला नेऊ नका.”

कोमलने पदर तोंडाला लावला. लाटकर बाईंनी पेन उचलून धरलं. शर्वरीने बापाच्या पाठीकडे बघितलं आणि तिला त्याचा इतका संताप आला, की उठून त्याला गदागदा हलवावं असं वाटलं. सात वर्षांची पोर त्याचं ओझं उचलून उभी होती आणि तो उभ्या उभ्या ऐकत होता.

मग अप्पा वळले.

“उशीर न्हाई केला तिनं,” ते म्हणाले. “बस म्हणली हुती. दोनदा म्हणली.”

“तुम्हाला ऐकू आलं नाही?” लाटकर बाईंनी विचारलं.

“आलं. चांगलं ऐकू आलं.” अप्पा खाटेच्या दांडीला धरून उभे राहिले. “बाई, तुमी शेतकऱ्याच्या घरच्या असशिला तर तुमास्नी ठावं हाय. मागं हुबारलेला माणूस बस म्हणतो तवा अजून वीतभर जागा असतीया. समदे वीतभर आधीच म्हणत्यात. चालवणारा बी ती वीत धरूनच चालतोय. मी बी घेतली. ही भिंतीला टेकून हुबी हाय, मला काय म्हाईत. हिनं जागा ठिवून न्हाई म्हटलं. ही खरं बोलली.”

लाटकर बाईंनी मान हलवली. त्यांना ती वीत माहीत होती. त्या लिहू लागल्या. “म्हणजे मुलीने दोनदा बस म्हटल्यावर तुम्ही ट्रॉली आणखी मागे घेतली. असंच लिहू?”

“लिवा.”

“वायर तुम्हीच काढली?”

“मीच.”

“अप्पा...” विक्रांत म्हणाला. अप्पांनी त्याला हाताने गप्प केलं. मग ते वाकले, नातीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “तुझं काय चुकलं न्हाई. ऐकलंस? तुझं काय बी चुकलं न्हाई.” मैथिलीला हे पटल्यासारखं दिसत नव्हतं, पण तिने त्यांचं बोट धरून ठेवलं.

लाटकर बाईंनी अर्ज उलटला. मागच्या पानावर ठरावीक प्रश्न होते, ते त्या वाचायच्या आणि स्वतःच उत्तर लिहून मोकळ्या व्हायच्या. “आरोपीकडून यापूर्वी अशा प्रकारची घटना,” त्या पुटपुटल्या आणि ‘नाही’ लिहायला घेतलं.

“थांबा,” अप्पा म्हणाले. “खोडा ते.”

लाटकर बाईंनी वर बघितलं.

“एकदा झालंय. ह्याच शेडला. हीच ट्रॉली हुती. त्या पोरीनं बी बस म्हटलं हुतं.”

खोलीत सगळे त्यांच्याकडे बघत होते. ते कुणाकडे बघत नव्हते. त्यांची नजर शर्वरीच्या डाव्या बुटावर होती, पाडव्याला त्यांनीच वाकवून बघितलेल्या तळावर. शर्वरीने पाय खुर्चीखाली ओढून घेतला. तिला वाटलं होतं, की हे ऐकून आपल्या आत काहीतरी मोडेल. तसं झालं नाही. उलट तीस वर्षं वाकडं बसलेलं काहीतरी जागेवर आलं आणि ते येतानाच अतोनात दुखलं.

“कधी?” लाटकर बाईंनी विचारलं.

“सतरा साली. बेदाण्याच्याच दिवसांत.”

“मुलीचं नाव?”

अप्पांचे ओठ हलले. आवाज फुटला नाही. त्यांनी दांडी दोन्ही हातांनी धरून पुन्हा प्रयत्न केला.

“शर्वरी हिंदुराव खराडे,” शर्वरी म्हणाली. “वय सहा.”

लाटकर बाईंचं पेन अर्जावर टेकलं होतं, ते तिथेच राहिलं.

“लिहा,” शर्वरी म्हणाली. तिने खुर्ची उचलली, अप्पांच्या मागे नेऊन ठेवली आणि त्यांना खांद्याला धरून तीवर बसवलं. “पुढचं त्यांना सांगू द्या. मी ऐकते.”